तार

स्टेशनावरून सदरच्या टॉकीजला पिक्चरची पेटी
डोमाजी पौनीकर आणायचा, चंपीच्या टांग्यातून.
आठ आणे, आणि थर्ड क्लासचा एक पास.

मे महिना. पडद्यावरही ऊनच:
लाल डोंगर, कोरडी नदी, काऊबॉय.
पब्लिक म्हणे, हे तं कन्हानच्या पल्याडचं बे!

डोमाजी फक्त घोडे पाहायचा.
"थे पांढरी डाव्या पायानं लंगडते."
मग शेवटची चकमक. अकरा घोडे भरधाव,
आणि एक, गोळी लागून, तोंडावर.

तो उभाच राहिला. मागून बोंब: बस ना खाली!
"गोळी नाही लागली थ्याले. पुढचे पाय ओढले कोनीतरी.
तार हाये. जमिनीत खुटी हाये."

मी ऑपरेटरचा पोऱ्या.
रात्री रीळ गुंडाळताना ती जागा काढली,
बल्बसमोर धरली, बोट-बोट सरकवली.
एका चौकटीत धूळ, धुळीत केसाएवढी रेघ.
ओरखडाही असेल.
रीळ किती गावं घासून आलं होतं कोण जाणे.

सकाळी सांगायला गेलो.
चंपीच्या गुडघ्यांना तेल चोळत होता.
वर न पाहता म्हणाला,
"एका डावात जमलं नसन. किती डाव पाडला असन थ्याले?"

मला कुठं माहीत.

शुक्रवारी पेटी परत गेली.
टांग्यात पेटी एकटीच.
डोमाजी लगाम धरून पुढं, पायी,
डोळे रस्त्यावर, थेट स्टेशनापर्यंत.