कौलं घासताना

शुरीच्या टेकडीवर, तंबूत, उलट्या खोक्यांवर बसून
आम्ही जळक्या कौलांवरचा चुना खरवडतो.
बोथट चाकू, तारेचा ब्रश, तोंडावर फडकं.
एका माणसाची दिवसाला वीस होतात, फार तर बावीस.
शेजारी बसते कामादो नाकान्दाकारी. वय ब्याण्णव.
तिची सहाच होतात. पण तिचं सहावं हातात घेऊन
हे आगीतून आलंय असं कुणी म्हणणार नाही.

कामादो म्हणजे चूल.
तिच्या पिढीत मुलींना अशीच नावं ठेवायचे,
कुणी कढई, कुणी गाय.
साध्या नावाला दृष्ट लागत नाही म्हणे.

महाल पाचदा जळला.
पहिल्यांदा काका-पुतण्या गादीसाठी भांडले,
गादी राहिली बाजूला,
चांदीची राजमुद्रा वितळून राखेत गेली.
पुढच्या दोन आगींबद्दल मला शाळेत दीड ओळ होती.
चौथ्या वेळी महालाच्या पोटात, बोगद्यात, फौज,
आणि समुद्रातून जहाजं तोफा डागत होती.

"तेव्हा जळताना मी पाहिला नाही," ती म्हणते,
"दक्षिणेला पळत होतो. डोक्यावर भांडं.
भांडं डोक्यावर असलं की मागे वळता येत नाही."
भांड्यात काय होतं?
"रताळी. आणि आमच्या चुलीचे तीन दगड."

पाचवी तिनं पाहिली. मीही.
ऑक्टोबरची शेवटची रात्र, पावणेतीनचा सुमार.
त्या भिंतींचा लाल माझ्या हातचा होता.
पंचविशीत होतो. लाख, तेल, गेरू,
एक हात द्यायचा, दमट हवेत वाळू द्यायचा,
घासायचा, की पुन्हा एक हात.
त्सुहा गुरुजी म्हणायचे, रंग असा लागला पाहिजे
की लांब जहाजावरच्याला वाटावं,
टेकडीवर काहीतरी पेटलंय.

मी रस्त्यात उभा होतो, अनवाणी,
आणि माझा लाल कुठे संपतो, आगीचा कुठे सुरू होतो
मला सांगता येईना.
कुणी रडत होतं. कुणी फोन उंच धरून होतं.
खाली दगडी ड्रॅगनच्या तोंडातून
झऱ्याचं पाणी पडत होतं, रोजच्यासारखं,
बारीक धार.

कारण सापडलं नाही.
तारांचे मणी सापडले, वितळून गोठलेले.
ते पिशव्यांत भरून नेले.

फुटकी कौलं वेगळ्या ढिगात टाकायची.
त्यांचं पीठ करून नव्या मातीत कालवतील,
थापतील, भट्टीत घालतील.
"म्हणजे पुन्हा आगीतच," मी म्हटलं.
तिनं मान वर केली नाही.
"मग काय, उन्हात वाळवून छप्पर होतं का?"

संध्याकाळी तिला घरी सोडलं. पौर्णिमा होती.
गॅसच्या शेगडीमागे, फरशीच्या फळीवर, ते तीन दगड.
तिनं हात धुतले नाहीत.
चपटी उदबत्ती, मूठभर तांदूळ, दारूचा छोटा पेला,
आणि मग अग्निदेवाला महिन्याचा हिशेब,
भाजीवाल्याशी बोलावं तशा आवाजात:

"घर ठीक. गुडघा तसाच.
मांजर गेलं, ते मागेच सांगितलं.
नळ गळतो, तक्रार केली आहे.
आज सहा कौलं झाली.
कुणापायी घासतेय ते मी सांगायला नको,
तुझ्याच भावकीतलं कुणीतरी होतं."

थोडं थांबली. पेला एक बोट पुढे सरकवला.
"भेटलंच तर रागावू नकोस त्याला," म्हणाली.
"विचार फक्त, जेवलास का."

मी दारात, एक बूट पायात, एक हातात.
तिच्या नखांत तांबडी धूळ होती
आणि माझ्याही.