चाचणीची भिंत

मनिलाबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये
सहा तास मिळाले मला
आणि तीनशे विटा.
ब्रॉडी नावाचा तांबड्या मानेचा परीक्षक
खिशात हात घालून बघत राहिला
मी दोरी कशी ताणतो, थापीवर माल किती घेतो,
सांधा भरताना श्वास धरतो की सोडतो.

तेवीस वर्षं भिंती बांधतोय.
विगनला, जिथे विटा माझ्या पणज्याहून जुन्या,
जेद्दाला, जिथे दुपारी ओळंब्याचं शिसं
हाताला चटका द्यायचं.
कुठल्याच भिंतीनं मला इंग्रजी विचारलं नव्हतं.
इथे त्याचीही परीक्षा.
हेडफोनमधल्या बाईनं विचारलं,
ग्रंथालय किती वाजता उघडतं?
लिहिलं. बरोबर आलं.
ग्रंथालयात मी अजून गेलेलो नाही.

चाचणीची भिंत चुन्यात रचतात, सिमेंटात नाही,
कारण चार वाजता ती पाडायची असते
आणि त्याच विटा खरवडून
उद्याच्या माणसापुढे मांडायच्या असतात.
'पास,' ब्रॉडी म्हणाला.
मी म्हटलं, पाडायचीच तर मी पाडतो.
वरच्या थरापासून, शर्टाची बटणं सोडावीत तशी,
उतरवली माझी भिंत.
एका विटेच्या पोटावर खिळ्यानं कोरलेलं होतं :
रोमी, इलोइलो, दुसरी खेप.
मी काही कोरलं नाही.
ती वीट फक्त ढिगात सगळ्यात वर ठेवली.

व्हिसाच्या कागदावर माझ्या नावाखाली
आणखी एक नाव आहे, पेटिफर आणि कंपनी,
लग्नाच्या दाखल्यावर असतं तसं.
पर्लिता फोनवर विचारते, तुझी दुसरी कशी आहे?
बरी आहे, म्हणतो. पगार वेळेवर देते.
फक्त या लग्नात
रुसून माहेरी जायची सोय नाही.
रुसलं की थेट विमानतळ.

म्हातारा पेटिफर स्वतः गवंडी.
गुडघे गेले म्हणून टास्मानियाहून माणूस शोधत
आमच्या शेडपर्यंत आला.
माझ्यासाठी त्यानं भरलेले कागद
एकावर एक ठेवले तर तीन थर होतील.
लॉन्सेस्टनच्या थंडीत पहिल्या दिवशी
त्यानं स्वतःचे लोकरी मोजे दिले.
मी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही.

पण जुलैत एका सकाळी तो
दोन कॉफ्या घेऊन साइटवर आला.
दोन कॉफ्या घेऊन येणारा मालक
चांगली बातमी आणत नाही.
मोठ्या ठेकेदारानं पैसे बुडवले होते.
'नेमेसियो,' तो म्हणाला, आणि पुढचं
बराच वेळ कॉफीलाच सांगत राहिला.

शाळेची भिंत तेव्हा छातीपर्यंत आली होती.
त्या दिवसापासून माझे दिवस मोजलेले :
एवढ्यात दुसरं नाव मिळव, नाहीतर परत.
परत म्हणजे विगन, जिथे आमच्याच घराची
मागची भिंत अजून बांबूची आहे.
ती सवडीनं बांधू, असं मी आठ वर्षं म्हणतोय.

संध्याकाळी दव गोठायला लागलं.
ओला माल गोठला तर सकाळी भुगा होतो.
हजेरी बंद झाली होती,
तरी गोणपाट आणून भिंतीला पांघरलं,
कडा विटांनी दाबल्या.
पेटिफरची मुलगी टेस गाडीत बसून
एकेका कंपनीला फोन लावत होती.
माणूस चांगला आहे का, कुणी विचारलं असावं.
ती म्हणाली, येऊन भिंत बघा ना.

चौथ्या दिवशी एक बाई आली,
बुटांना चिखल, काखेत स्वतःची लेव्हल.
माझ्याकडे बघितलंही नाही.
गोणपाट उचललं, सांध्यावरून अंगठा फिरवला,
मग लेव्हल भिंतीवर ठेवली.

खिशात हात घालून उभा राहिलो,
थंडीमुळे.
बुडबुडा एकदा डावीकडे गेला,
जरा थांबला,
आणि टेसनं विचारलं, चहा घेणार कुणी?