ब्रॅकेट, मागचा, डावा

ड्रॉइंगवर गिऱ्हाइकाचं नाव नव्हतं.
नावाच्या जागी काळा पट्टा,
खाली : ब्रॅकेट, मागचा, डावा.
नग एकशे बारा.

उद्यमबागेत एवढ्याशा आकड्याला कोण मशीन लावतंय?
ट्रॅक्टरचा पार्ट असता तर बारा हजार आले असते.
इम्तियाज मुजावरनं व्हीएमसीचं दार सरकवून
कूलंटच्या वासातच हिशेब मांडला :
"बारा तोडून-मोडून बघायला. उरल्या शंभर.
जगात फक्त शंभर गाड्या, मर्दा."

बसू अंगडी म्हणाला, "हौदा?"
आणि पुढं तीन आठवडे
आमच्या शेडमध्ये दुसरा विषय निघाला नाही.

इंजिन पाठीत, यावर एकमत.
दारं वर उघडतात, बसूच्या मते, बैलाच्या शिंगांसारखी.
मी म्हटलं, दारं आहेत कशावरून?
किमतीची शून्यं मावायला
मोबाइल आडवा धरावा लागला.

खरं भांडण एकच होतं :
ती रस्त्यावर चालायची, की नुसती ट्रॅकवर?
इम्तियाजचं म्हणणं,
वीस मायक्रॉन मागणारा माणूस
खड्ड्यात उतरत नसतो.

मग रिव्हिजन बी आली.
लाल ढगाच्या आत दोन भोकं,
साडेसहा एमएमची, एका रेषेत.
"नंबरप्लेट!" बसू एवढ्यानं ओरडला
की शेजारच्या फाउंड्रीतला माणूस चहा घेऊन बाहेर आला.

नंबर आहे म्हणजे रस्ता आहे.
रस्ता आहे म्हणजे कागल ओलांडून
एक दिवस कोगनोळीला येईलही, कुणी सांगावं.
फास्टॅग कुठं चिकटवणार, काच तर झोपलेली.
इकडं टॅक्स जास्त, गोव्याचा नंबर घेतील.
मी म्हटलं, केए बावीसच लावूया की,
ब्रॅकेट आपला आहे.
दुपारी बसूनं टेप घेऊन
गेटपुढचा गतिरोधक मोजला. साडेपाच इंच.
"तिरकी घेतली तर निघतंय."
कुणी हसलं नाही.

पॅकिंगचे भरमाण्णा कंग्राळकर
खोक्यात थर्माकोल बसवता बसवता म्हणाले,
"मी स्कूटरला देवनागरीत नंबर लिवलेला.
चन्नम्मा सर्कलात दंड भरलो.
तसाच गेलो कोल्हापूरला, तिकडंबी भरलो.
पावतीची भाषा येगळी,
रक्कम तीच."

एकसष्ट नग झाले होते.
बासष्टावा फिक्सचरवर असताना
रिव्हिजन सी आली.
भोकं नव्हती.
कारणाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

इम्तियाज "बघ, म्हणत नव्हतो?" म्हणाला नाही.
स्पिंडल थांबवला,
एअरगननं टेबलावरचा चुरा बराच वेळ उडवत राहिला,
साफ झाल्यावरही.
बसू म्हणाला, "मग आणतात कशी ट्रॅकपर्यंत?"
ट्रकमधून, मी म्हटलं.
त्याला ते पटलं नाही. मलाही.

एकसष्ट नग भंगारात, किलोच्या भावानं.
एक मी रजिस्टरात लिहून घेतला : नमुना.
घरच्या मोपेडला, मागं, बसवला.
एक भोक जुळलं.
दुसरं हातानं पाडलं,
ते किती मायक्रॉन चुकलं
मोजायला मी व्हर्नियर काढलाच नाही.

परवा दुसरी शिफ्ट सुटल्यावर
पिरनवाडीच्या नाक्यात हवालदारानं हात केला.
मागं जाऊन बॅटरी मारली.
उजेड नंबरावरून फिरला,
ब्रॅकेटच्या घोटीव कडेवर क्षणभर अडला,
असं मला आरशात वाटलं.

"होग्री," म्हणाला.
मी निघालो. पुढचा गतिरोधक
उगीचच तिरका घेतला.