आरसा

ट्रेमधलं सगळं माझ्या चुकीच्या बाजूला असायचं:
कापूस, चिमटा, स्पिरिटची वाटी.
"डावखुरी? म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी,"
ट्यूटरबाई म्हणाल्या,
आणि तिसऱ्या वर्षाच्या लुसुंगूच्या पदरात
मला टाकून मोकळ्या झाल्या.

ती म्हणाली, शेजारी नको उभी राहूस.
समोर ये. मी आरसा आहे असं समज.
माझा उजवा, तुझा डावा.

म्झुझूत जूनच्या रात्री हाडं गारठतात.
वसतिगृहातली वीज आठलाच जायची.
तिनं बाही वर सारली, दंडाला रबरी पट्टा आवळला.
"बोटानं शोध. डोळे फसवतात.
शीर म्हणजे ओल्या मातीखालचं गांडूळ,
दाबलं की सरकतं, सोडलं की परत येतं."
मग टॉर्च दातांत धरला.

तीनदा चुकले.
'राहू दे' ती एकदाही म्हणाली नाही,
फक्त टॉर्चवरचे दात घट्ट झाले.
रविवारी चर्चमध्ये लांब बाह्यांचा झगा घालून गायली.
आतले तीन निळे डाग
मला तेवढे ठाऊक.

बदल्यात मी तिला गणित द्यायचे.
बाबांच्या गिरणीत मक्याची पोती मोजत वाढलेली मी,
किलोला किती मिलिग्रॅम, मिनिटाला किती थेंब,
पिठाच्या हिशेबासारखं सुटायचं मला.
ती मात्र दशांशचिन्ह
घराच्या किल्लीसारखं हरवून बसायची.
"एक शून्य इकडचं तिकडे झालं तर मूल हातचं जाईल, लुसुंगू."
"माहीत आहे. म्हणूनच तर हरवतं."

ऑगस्टात तिचा औषधशास्त्राचा फेरपेपर.
त्याच सकाळी मुलांच्या वॉर्डात
मलेरियानं सुकलेलं एक बाळ,
मनगट माझ्या अंगठ्याएवढं.
सिस्टर म्हणाल्या, तू कर, मी आहे.

समोर कोणी नव्हतं.
खिडकी होती. काचेवर धूळ,
धुळीत एक पांढरी टोपी
आणि कुणाचा तरी उजवा हात,
म्हणजे माझाच डावा.
डोळे मिटले. बोटानं शोधलं.
गांडूळ सरकलं.
परत आलं.

संध्याकाळी लुसुंगू पायरीवर बसलेली.
मी पेपराचं विचारलं नाही, तिनं बाळाचं.
वही उघडून म्हणाली,
"चौथा प्रश्न. वीस किलोचं मूल."
मी टेकणार, तोच,
"शेजारी नको. समोर बस.
शेजारी बसलीस की मी तुझंच उत्तर वाचते."