तायमी मावशीचा लाल

थंडर बेला जानेवारीत पाचलाच अंधारतं.
तळघरात बॉयलर धापा टाकतोय.
लोणच्याची बरणी धुऊन घेतली,
बरणीत स्पिरिट, स्पिरिटमध्ये तुझा डबा,
कालपासून बुडालेला, ऑर्वो.

वितीपेक्षा आखूड. मालगाडीचा, धान्याचा.
चाकं, कड्या, मुंगीएवढे दोन स्क्रू
अंड्यांच्या ट्रेमध्ये काढून ठेवलेत.
तू असतास तर म्हणाला असतास,
'चिठ्ठ्या लाव, इर्या.'
लावल्या नाहीत.

वकिलाच्या यादीत एकच ओळ होती:
जुनी खेळणी, एक खोकं, किंमत शून्य.
अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर
तुझ्याकडून आलेलं हे पहिलं पत्र.

जुन्या टूथब्रशने घासायला घेतलं.
तपकिरी सुटत गेला
उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा,
त्याच्याबरोबर तू एका केसाच्या कुंचल्याने लिहिलेला नंबर,
सातच्या पोटात आडवी रेघ, बाबा काढायचे तशी.
तो सात क्षणभर पाण्यावर अख्खा तरंगला.
मग ब्रश फिरला,
आणि खालून लाल.

आधी वाटलं, प्रायमर असेल.
पण प्रायमर असा चमकत नाही.
हा लाल मला ठाऊक आहे.
तायमी मावशीच्या पर्समधली बुटकी बाटली,
नखांना लावायची.
मी नऊ वर्षांची. सॉना तापेपर्यंतचा वेळ मोकळा.
तुझा कोराकरकरीत डबा मी रंगवला होता
छतासकट, दारांसकट, एका चाकासकट,
तुझ्या वाढदिवसाला.

ओरडले ते बाबा.
तू डबा खिशात घातलास आणि
धान्याच्या कोठारांकडे चालत गेलास.
आठवड्याने तो फडताळात परत उभा,
तपकिरी, शहाणा.
'लाल गेला?' मी विचारलं.
'गेला,' तू म्हणालास.

गेला नव्हता.

स्पिरिट त्याला काही करत नाही.
आणखी एक रात्र ठेवून पाहिलं. ढिम्म.
रंगातल्या औषधाने प्लास्टिकला चावा घेतलाय,
माझ्या कुंचल्याचा एकेक फराटा
अजून बोटाला लागतो.
काढायचा तर ॲसिटोन हवं
आणि ॲसिटोन डबाच खाऊन टाकेल,
हार्डवेअरच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
फोनमधून मान वर न करता.

तेराव्या वर्षी तुला हे कुणी सांगितलं?
की तू आधी एक कोपरा घासून पाहिलास?
हा बघ, सापडला,
मागच्या शिडीखाली,
करंगळीच्या नखाएवढा वितळलेला खड्डा.
इथे थांबलास तू.

मी याला माया म्हणणार नाही.
डबा वाचवायचा होता, एवढंच असेल.
पण बाबांच्या नावेवरून भांडलो तेव्हा
तू थांबला नाहीस, मीही नाही;
कोपरा न घासताच
आपण अख्खी बाटली ओतली.

आज करड्या प्रायमरचा फवारा मारला,
खिडकी उघडी ठेवून, टोपी घालून.
एक बाजू झाकली. खोकला आला.
दुसरी बाजू झाकली.
वर तपकिरी, दोन हात, पातळ.
नंबर लिहायला चष्म्यावर चष्मा चढवला,
सात तरीही जमला नाही,
पोटातली रेघ घसरून गुडघ्यावर आली.
राहू दे.

मग ट्रेमधून चाकं उचलली.
तिसऱ्या खळग्यातलं तेलाने काजळलेलं,
फडक्याने पुसलं तर
आतल्या अंगाला लाल.
कुणीही न घासलेला, न झाकलेला,
साठ वर्षं रुळाकडे तोंड करून फिरलेला.

विसरला असशील.
तू कधी काही विसरायचा नाहीस.

बसवते उद्या. हात थरथरतोय,
आणि कॉफी वर राहिलीय चुलीवर.