रकाना : इतर

मुहर्रकला विमानं इतकी खालून जातात
की भिंतीवरचा आरसा थरथरतो
आणि आरशातला जासिम
आपलं तोंड हलताना बघत राहतो.
ते हलणं मी नोंदवत नाही.

सव्वाचार वर्षं. शब्द : शून्य.
जुन्या पानावर दुसऱ्या कुणाचं अक्षर :
ऐकू येतं. समजतं. मागत नाही, ओढतो.
माझं मनगट धरून तो मला फडताळाकडे नेतो,
पकड किंवा पाना न्यावा तसा.
मी पाना होते. फडताळापाशी थांबते.

या कामात निम्म्याहून जास्त थांबणंच आहे.
मनात दहा मोजायचे.
मी मराठीत मोजते, सावकाश.
सात आणि आठच्या मध्ये एसीची घरघर,
नवाला बहुतेक त्याची आई, बदरिया, बोलून टाकते :
म्हण ना राजा, माय. माय.

माय म्हणजे इथे पाणी.
पहिल्या वर्षी मी दर वेळी दचकायचे.

जीभ बाहेर यावी म्हणून ओठाला खजुराचा पाक लावते.
येते. चाटते. आत जाते, कडी लावून घेते.
पिसं फुंकून झाली, साबणाचे फुगे फोडून झाले.
चित्रांच्या कार्डांत एक बर्फाचा माणूस आहे,
त्याला आम्ही दोघंही ओळखत नाही.

इथल्या तोंडांत प नाही,
माझ्या तोंडात ऐन नव्हता.
रिसेप्शनवरच्या फौजियाने तो शिकवला,
घसा आवळून, हसून हसून टेबलावर पडत.
ऐन म्हणजे डोळा, म्हणाली, आणि ऐन म्हणजे झरा.
आमच्याकडे तो नुसता वेळेला चिकटतो :
ऐन दुपारी, ऐन परीक्षेत, ऐन तोंडावर आल्यावर.
तिचे आजोबा मोत्यांसाठी बुड्या मारायचे.
समुद्राच्या तळाशी गोड पाण्याचे झरे होते,
खाली जाऊन मशक भरून आणायचे,
खाऱ्या पाण्याच्या पोटातून.
आता आटले, असं म्हणून
तिने पुढच्या पेशंटला हाक मारली.

मंगळवार. बदरियाचा फोन वाजला, ती बाहेर गेली.
दारातून सोमलता डोकावली, बाटली द्यायला.
ती बाहेरच बसते रोज, चपलांच्या रांगेशेजारी.
कुरुनेगलची. तिचं स्वतःचं पोर तिकडे बहिणीकडे असतं.
मी बाटली घेतली, उंच धरली,
मोजायला लागले.
पाच.
सहा.

वतू.

विमान नव्हतं. दुसरं काहीच नव्हतं.
सोमलताने तोंडावर हात ठेवला,
काहीतरी फुटल्यासारखा.
वतुर, मॅडम. आमच्यात पाण्याला म्हणतात.
मी शिकवलं नाही हो,
देताना नुसती म्हणते.

तो प्याला.
हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून सदऱ्यात.

फॉर्मवर : शब्द. तारीख. भाषा : अरबी, इंग्रजी, इतर.
इतरपुढची रेघ एवढी आखूड
की सिंहली लिहिताना शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं.

गुदैबियातली एक बाई आठवली. साताऱ्याकडची.
मी नवी होते, हुशार होते.
घरात एकच भाषा ठेवा, मी सांगितलं होतं, इंग्रजीच ठेवा.
तिने मान हलवली.
तिला इंग्रजीत सात-आठ वाक्यं येत होती.
त्यानंतर पोराला भरवताना, न्हाऊ घालताना
ती कितीशी बोलली असेल?
नंबर आहे माझ्याकडे. लावलेला नाही.

बदरिया आत आली. काही म्हणाला?
पाणी मागितलं.
माय म्हणाला? माय?
सोमलता चपलांकडे बघत होती,
जणू जोड्या जुळवायच्या राहिल्यात.

मी कोपऱ्यातली तिसरी खुर्ची ओढली,
तिच्यासमोर ठेवली.
हिला विचारा, म्हणाले.

कुणीच बोलेना.
एक.
दोन.