राखाडी चौकट

किहेलकोन्नाच्या संग्रहालयात संगणक कळणारी मी एकटीच,
म्हणजे, त्याला सगळ्यांत कमी भिणारी.
काचेच्या बाराशे निगेटिव्ह आल्या होत्या
बटाट्याच्या पेट्यांतून, वर्तमानपत्रांत गुंडाळून.
हिवाळाभर एकेक पुसली, स्कॅन केली.
ठरलं होतं ते एवढंच:
पडद्यावर एक खिडकी उघडावी, मधोमध फोटो,
खाली नावासाठी एक रिकामा रकाना,
आणि बेटावरच्या म्हाताऱ्यांनी येऊन बसावं,
सांगावं कोण कोण ते.

प्रोग्राम जेमतेम सोळा ओळींचा.
खिडकी उघडली.
मथळा आला. बटण आलं, त्यावर 'पुढचा'.
आणि मधोमध राखाडी चौकट.
बरोबर मापाची,
आठशे रुंद, सहाशे उंच,
फोटो जेवढा तेवढीच जागा,
गादीवरून कुणी उठून गेल्यावर
उरते तशी खळी.

चुकीचा संदेश नाही. तक्रार नाही.
फाइल सापडत होती.
तीन दिवस मी फोल्डरची नावं बदलत बसले,
यंत्र बंद करून चालू केलं.
उर्वे म्हणाली, केबल बघ.
केबलही बघितली.

चौथ्या रात्री कळलं.
फोटो येत होता. येतच होता.
मी तो एका छोट्या कामापुरता उघडत होते,
खिडकीला म्हणत होते, हा घे, लाव,
आणि काम संपलं की हात सोडून देत होते.
मला वाटे, तो तिच्याकडे आहे.
तिने कधी तसं म्हटलंच नव्हतं.
मेमरीत एक झाडूवाला फिरत असतो,
मुका, कामाला चोख.
ज्याचं नाव कुणी धरून ठेवलेलं नाही
ते तो केरात काढतो.
त्याचा दोष नाही, त्याला चित्रं दिसत नाहीत.
तो एवढंच विचारतो, हे कुणाचं?
आणि कुणी 'माझं' म्हणालं नाही
तर जागा मोकळी.

उपाय एका ओळीचा:
खिडकीच्या खिशात फोटोचं नाव ठेवून द्यायचं.
पुढे कुठे वापरायचं नाही. नुसतं ठेवायचं.
उर्वेने वाचून विचारलं, ही ओळ करते काय?
काही नाही, म्हटलं.
असते.

बुधवारी हेल्दूर आला, एक्याण्णव वर्षांचा,
बुटांचा बर्फ उंबऱ्याशी झटकत.
फोटो उमटला: ज्युनिपरच्या कुंपणाशी सातजण,
पालथी घातलेली होडी, एक कुत्रा,
डावीकडची बाई ऐनवेळी हललेली,
म्हणून तिला दोन चेहरे.
हेल्दूर पुढे वाकला, पडद्याला नाक लागेल इतका.
मी कीबोर्डवर बोटं ठेवून थांबले.

"मुरी," तो म्हणाला.
कोण, ही डावीकडची?
"कुत्रा. मुरी. इथे चावला होता मला."
मोजा खाली सारून त्याने पोटरी दाखवली.
काहीच दिसत नव्हतं, मी मान डोलावली.

आणि माणसं?

तो बराच वेळ बघत राहिला.
"माणसं गेली. चव्वेचाळीसच्या शरदात, रात्री,
बहुतेक ह्याच होडीतून.
मोठ्यांनी बजावलं होतं, आता ह्यांची नावं घ्यायची नाहीत,
कुणी विचारलं तरी नाही.
नाही घेतली.
पुढे घ्यायची म्हटलं, तर आलीच नाहीत."

रकान्यात मी लिहिलं: मुरी, कुत्रा.
जतन केलं.
'पुढचा'वर बोट गेलं तसा तो म्हणाला,
राहू दे जरा.

पाच वाजता इमारतीला कुलूप लावायचं असतं.
सव्वापाच झाले. उर्वे किल्ल्या वाजवत दारात उभी.
बाहेर कधीच अंधारलेलं,
आणि खिडकीत अजून सातजण, एक होडी,
आणि नाव असलेला तो एकटा,
दात दाखवत.